दुसऱ्या आवृत्तीतला बाप

१६ ऑगस्ट १९५४ या तारखेचं एक पत्र आहे. शांघायमधल्या वडिलांनी, पियानो शिकायला नुकत्याच पोलंडला गेलेल्या वीस वर्षांच्या मुलाला लिहिलेलं. पत्रात काय, तर घरात शिरल्यावर तू ओव्हरकोट काढतोस, पण गळ्यातला रेशमी मफलर तसाच राहतो. युरोपात तो कोटाबरोबरच उतरवायचा असतो. उभा असलास की हात खिशात, हे वाईट दिसतं. जेवताना सुरी-काटा हातात नसेल तेव्हा दोन्ही हात टेबलावर ठेवावेत, मांडीवर नकोत. सुरी-काट्याचा ताटलीवर खणखणाट होऊ द्यायचा नाही.

'ताट वाजवू नकोस' हे सांगायला आपल्याकडे ताटावरून नुसते डोळे वटारले की भागतं. या गृहस्थांनी त्यासाठी खंड ओलांडणारं टपाल वापरलं. आणि त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी हेच गृहस्थ ली पाय आणि तू फू या थांग काळातल्या दोन कवींमधला फरक मुलाला पत्रातून उलगडून सांगत होते. कविता आणि सुरी-काटा यांत त्यांच्या लेखी उच्च-नीच नव्हतं. दोन्हींना तीच शाई आणि तीच कळकळ.

त्यांचं नाव फू लेइ. जन्म ७ एप्रिल १९०८चा, शांघायजवळच्या नानह्वेइचा. व्होल्तेर, बाल्झाक, मेरिमे, रोमाँ रोलाँ यांना चिनी भाषेत आणणारे विसाव्या शतकातले अत्यंत नावाजलेले अनुवादक. मुलगा फू त्सोंग, पुढे लंडनमध्ये राहून जगभर वाजवणारा पियानोवादक. ग्रंथप्रेमी आईबापांविषयी आपण फार गोड बोलतो, म्हणून मला हे प्रकरण मुद्दाम घ्यावंसं वाटलं. या घरात पुस्तकं होती, चित्रं होती, संगीत होतं, आणि मारही होता. फू लेइ आपलं भाषांतर छापून झाल्यावरही स्वस्थ बसत नसत. बाल्झाकची म्हाताऱ्या गोरियोची कादंबरी त्यांनी १९४६मध्ये छापली, १९५१मध्ये नव्यानं केली आणि १९६३मध्ये पुन्हा तिच्यावर हात फिरवला. माझं म्हणणं असं की बापपणाचीही त्यांनी दुसरी आवृत्ती काढली. पहिली घरात झाली होती. दुसरी टपालातून निघाली.

पहिली आवृत्ती

फू लेइ चार वर्षांचे असताना वडील गेले. गावच्या वजनदार मंडळींनी खोट्या आरोपात तुरुंगात अडकवलं, तिथून क्षय घेऊन बाहेर आले आणि १९१२मध्ये वारले. नवऱ्याच्या सुटकेसाठी आई दारोदार फिरत असताना तिची धाकटी तीन मुलंही दगावली. उरलेल्या एकुलत्या एका मुलावर तिनं काय काय केलं असेल याचा अंदाज येतो. घरी पंतोजी ठेवले, स्वतः शेजारी बसून धडे ऐकले. अभ्यासात डुलकी लागली की ती अंगावर मेणबत्तीचं गरम मेण टाकायची, असं चरित्रकार लिहितात. 'लेइ' म्हणजे गडगडाट. जन्मल्यावर फार मोठ्यानं रडले म्हणून हे नाव. पुढे 'नूआन' असं दुसरं नाव घेतलं, तेही मेन्सियस या प्राचीन चिनी विचारवंताच्या ग्रंथातल्या एका वाक्यावरून: वेन नावाचा राजा एकदा रागावला आणि साऱ्या जगाला शांतता मिळाली. नू म्हणजे राग, आन म्हणजे शांती. घरच्यांच्या वाट्याला त्यातला कोणता भाग जास्त आला, ते पुढे येईलच.

१९२८ ते १९३१ पॅरिस. तिथे साहित्य आणि कलेचा इतिहास. परतल्यावर १९३२मध्ये नात्यातल्याच चू मेइफूशी लग्न. फू त्सोंग १९३४चा, धाकटा फू मिन १९३७चा. थोरल्याला आधी चित्रकलेला बसवायचा बेत होता, कारण घरी येणारी-जाणारी मित्रमंडळी चित्रकार. ह्वांग पिनहोंग या वयोवृद्ध चित्रकाराचं शांघायमधलं १९४३चं प्रदर्शन फू लेइ यांनीच खटपट करून भरवलं होतं. पण पोराला कुंचल्याचं सोयरसुतक नव्हतं. ग्रामोफोनवर तबकडी लागली की मात्र तो हातातलं सगळं टाकून ऐकत बसायचा. साडेसातव्या वर्षी पियानो सुरू झाला, आणि मग प्राथमिक शाळेच्या चौथीतून वडिलांनी त्याला काढूनच घेतलं.

इंग्रजी आणि गणिताला शिक्षक ठेवले. चिनी भाषा स्वतः शिकवायची. त्यासाठी बाजारातलं एकही क्रमिक पुस्तक त्यांना पसंत पडलं नाही. कन्फ्यूशियस, मेन्सियस, च्वांगत्से, सीमा छ्येनचा इतिहास, आणि पाचव्या शतकातला 'शृश्वो शिन्यू' नावाचा एक नितांतसुंदर ग्रंथ, ज्यात त्या काळच्या विद्वानांचे किस्से, हजरजबाबी उत्तरं आणि लहरी वागणं ओळी-दोन ओळींत टिपलेलं आहे. यांतून उतारे निवडून त्यांनी ते बारीक, नेटक्या अक्षरांत स्वतः लिहून काढले. पोथी नकलावी तसे. छापील पुस्तक कपाटात असताना! मला या तपशिलावर थांबावंसं वाटतं. मुलापुढे ठेवायचं ते आपल्या हाताखालून गेलेलं हवं, हा हट्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांचं प्रेम असंच, हातानं लिहून काढण्यातून दिसायचं.

उरलेला दिवस घड्याळाला बांधलेला. वरच्या मजल्यावर वडील भाषांतर करत. दिवसभर बसून हजारभर अक्षरं झाली तर भरपूर, इतकी चिकट रीत. खाली पियानो. वरच्या कानाला खालचं सगळं ऐकू येतं, ही त्या घराची खरी रचना. एकदा मुलानं स्वरलिपीच्या जागी 'श्वेइहू' ही १०८ बंडखोरांची जुनी कादंबरी उघडून ठेवली आणि बोटं सवयीनं चालू ठेवून वाचत बसला. बोटं चालली तरी जीव नाही, हे वर कळलंच. वडील खाली आले ते ओरडतच. कादंबरी चिनी, अभिजात, घरातलीच. तिच्यावरचं प्रेमही बापाकडूनच आलेलं. गुन्हा वेळेचा होता.

आणखी एक प्रसंग पाचेक वर्षांच्या वयाचा. पोर अक्षरं गिरवत होतं, वडील शेजारी भुईमुगाच्या शेंगा खात बसलेले. कशावरून तरी डोकं फिरलं आणि डासांच्या उदबत्तीची थाळी त्यांनी फेकली. ती नाकाच्या वरच्या हाडाला लागली. तो व्रण जन्मभर राहिला. मुलाला दाराशी बांधून ठेवल्याच्या हकिगतीही आहेत. हे मी चवीनं सांगत नाही. पण 'कडक शिस्तीमुळेच मुलगा मोठा झाला' असं म्हणणाऱ्यांनी व्रण आणि बक्षीस यांच्यामध्ये बाणाची रेघ ओढून दाखवावी, एवढीच माझी मागणी.

कारण त्याच घरात याच्या उलटंही घडत होतं. एके दिवशी खालून अनोळखी सूर ऐकू आले. धड्यातले नव्हते, मुलगा मनचं वाजवत होता. जिन्यावर पावलं वाजली तशी त्याची घाबरगुंडी उडाली. वडिलांनी ते पुन्हा वाजवायला लावलं, कान देऊन ऐकलं, कोरा कागद घेऊन उतरवून घेतलं आणि त्या तुकड्याला नाव दिलं 'वसंत'. इथेही शेवटी लिहून काढणंच.

मधली वर्षं भराभर सांगतो. शांघायच्या वाद्यवृंदाचे इटालियन संचालक मारिओ पाची यांच्याकडे तीन वर्षं शिक्षण, १९४६मध्ये पाची वारले तोवर. मग शिक्षक बदलत गेले, मन उडालं. १९४८मध्ये कुटुंब कुनमिंगला गेलं आणि थोरला तिथेच मागे राहिला. तिथे त्यानं पियानो जवळजवळ सोडला होता. पुन्हा तो धरावा असं त्याचं त्यालाच वाटलं आणि १९५१मध्ये, लोकांनी वर्गणी काढून दिलेल्या प्रवासखर्चावर तो शांघायला परतला. पियानो आता बापाचा राहिला नाही, त्याचा झाला. मला हे वळण फार महत्त्वाचं वाटतं, आणि ते घडलं तेव्हा वडील जवळ नव्हते.

जानेवारी १९५३ ते जानेवारी १९५४

भांडणाचं कारण ऐकून हसू येईल. बेथोवेनच्या व्हायोलिन सोनाटांपैकी सर्वांत महत्त्वाचा कोणता? वडील म्हणाले नववा. मुलगा म्हणाला दहावा. वडिलांकडे पुस्तकं होती, सगळ्या समीक्षकांची मतं होती. मुलाकडे कान होते. आवाज चढत गेले आणि एकोणिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा मुलगा घर सोडून वडिलांच्याच एका मित्राकडे राहायला गेला. महिन्याहून जास्त दिवस.

दोनच वर्षं आधी, गोरियोच्या दुसऱ्या भाषांतराला जोडलेल्या मनोगतात, फू लेइ यांनी अनुवादाचा आपला सिद्धान्त मांडला होता: भाषांतर हे चित्राची नक्कल करण्यासारखं आहे, रेषेचं साम्य महत्त्वाचं नाही, चित्रातला प्राण उतरला पाहिजे. चिनी अनुवादकांच्या पुढच्या पिढ्या हे पाठ करत आल्या. पण घरात मात्र बाप रेषेला रेष मागत होता. ग्रंथात नववा म्हटलंय ना, मग नववा.

समेट झाला तो एका मृत्यूमुळे. फू लेइ यांच्या आत्याचे यजमान वारले. माणसाचं आयुष्य एवढंसं, त्यात बापलेकांनी काय धरून बसायचं, असं त्यांच्या मनात आलं. मुलगा परत आला.

वर्षभरानं, १७ जानेवारी १९५४ला, सगळं कुटुंब त्याला शांघाय स्टेशनवर पोचवायला गेलं. आधी बीजिंग, तिथून पुढे पोलंड. घरी परतल्यावर लगेच, १८ आणि १९ तारखेला, वडिलांनी पत्रं लिहिली. त्यांत संगीताबद्दल काही नाही. गेल्या वर्षीच्या त्या जानेवारीची बोचणी आहे, तुझ्या लहानपणी मी तुला फार छळलं ही कबुली आहे, आणि आधाराला चक्क बाल्झाक आणलाय: काही पापांची भरपाई करता येते, ती धुऊन काढता येत नाहीत, अशा अर्थाचं. माफी मागतानाही या माणसाला ग्रंथ लागतो! पण मुलींपायी धुळीला मिळालेल्या बापाची कादंबरी दोनदा चिनीत आणलेल्या माणसाला बापपण कागदावरच कळावं, यात नवल तरी काय?

टपाल

पुढची बारा वर्षं ही पत्रं चालली. वडिलांनी त्यांचे हेतूही एकदा मांडून दिले होते, कारण हेतू न मांडता त्यांनी काही केलंय असं फारसं दिसत नाही. कला आणि संगीत यांवर बोलायला बरोबरीचं कुणीतरी हवं. तरुण माणसाच्या मनातलं ताजं काही आपल्याला मिळावं आणि ते इतरांपर्यंत पोचवावं. मुलाचं गद्य आणि विचार घासले जावेत. आणि चौथं, सतत आरसा धरणारं कुणीतरी असावं. 'बरोबरीचं' हा शब्द पहिल्या हेतूत आहे. ज्याला दहाव्या सोनाटावरून घराबाहेर जावं लागलं, तो आता चर्चेतला प्रतिपक्ष झाला होता.

मराठी वाचकाला इथे साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली पत्रं आठवतील. मायेची जात तीच. पण गुरुजी दव, फुलं, आकाश दाखवत मुलीबरोबर चालतात. फू लेइ मुलाचं पत्र हातात आलं की आधी चुकलेली अक्षरं लाल करतात, मग मिठी मारतात.

शांघायहून पुस्तकं निघत: थांग-सोंग काळातली कविता, 'शृश्वो शिन्यू', काव्यावरची टिपणं. पोलंडमधल्या खोलीत पोर शोपँ या पोलिश संगीतकाराच्या रचना वाजवत होतं आणि उशाशी चिनी किस्से होते. १९५५च्या मार्चमध्ये शोपँ स्पर्धेत तिसरं बक्षीस, आणि माझुर्का सर्वोत्तम वाजवल्याचं खास पारितोषिक. माझुर्का हा पोलिश मातीतला नाच. त्याचं बक्षीस शांघायच्या मुलाला. शोपँला समजून घ्यायला दहाव्या शतकातल्या ली यू या पदच्युत राजाच्या कवितांचा आधार फू त्सोंग पुढे आवर्जून सांगत असे. रेषेचं साम्य नसताना प्राण उतरवण्याचं तंत्र शेवटी मुलानं उचललं होतं, पियानोवर.

मग दिवस फिरले. १९५८मध्ये फू लेइ यांच्यावर 'उजवा', म्हणजे साम्यवादी राजवटीच्या विरोधातला, असा शिक्का बसला. डिसेंबरमध्ये मुलानं वॉर्सॉहून थेट लंडन गाठलं, मायदेशी परतला नाही. काही काळ पत्रं थांबली. १९५९मध्ये पुन्हा सुरू झाली. फू लेइ यांना सरकारी पगार नव्हता, घर पुस्तकांच्या मानधनावर चालायचं. टोपणनावानं छापू, असं त्यांना सुचवलं गेलं. त्यांनी नकार दिला आणि हस्तलिखितं पडून राहिली. देशात दुष्काळाची वर्षं. लंडनहून मुलगा लोणी आणि खाण्यापिण्याच्या वस्तूंची पार्सलं पाठवत होता. वडील बागेत गुलाबांची कलमं बांधत, त्यांच्या जातींच्या नोंदी ठेवत.

पडून राहिलेल्या हस्तलिखितांत फ्रेंच समीक्षक इपोलित तेन यांच्या कलेवरच्या ग्रंथाचं भाषांतर होतं. ते १९६३मध्ये छापून निघालं. पण मुलाला त्यातलं ग्रीक शिल्पावरचं प्रकरण आत्ता हवंय असं वडिलांना वाटलं. १९६१च्या सुरुवातीला त्यांनी ते कुंचल्यानं, बारीक अक्षरांत उतरवून काढलं आणि लंडनला धाडलं. साठ हजारांहून जास्त चिनी अक्षरं. वय बावन्न, डोळे थकलेले. सोबत हान काळातल्या दगडी शिल्पांचे ठसे पाठवले, त्यांचा अर्थ समजावून. चौथीतून शाळा सोडवलेल्या मुलासाठी कन्फ्यूशियस लिहून काढणारा हातच हा. फरक एवढाच, की या वेळी समोर पोर बसलेलं नव्हतं, थाळी फेकायला कुणी नव्हतं, आणि आवडलं तर वाच, असं म्हणता येत होतं.

सून आली ती विख्यात व्हायोलिनवादक येहूदी मेन्यूहिन यांची मुलगी झामिरा. लग्न डिसेंबर १९६०चं. तिला चिनी येत नव्हतं, म्हणून सासऱ्यांची पत्रं इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये सुरू झाली. घरखर्चाचा हिशेब कसा ठेवावा हे त्यांत आहे, आणि काय वाचावं हेही. १९६४मध्ये नातू झाला. त्याचं नाव आजोबांनी कोशांतून, कवितांतून शोधून ठेवलेलं: लिंगश्याओ, ढगांपर्यंत चढणारा. त्या नातवाला त्यांनी कधी पाहिलं नाही.

ज्यांच्याकडे लक्ष जात नाही

हे प्रकरण नेहमी बाप आणि थोरला मुलगा असं दोघांचंच सांगितलं जातं. चू मेइफू मागे राहतात. वडिलांच्या पत्रांतला कलेवरचा मजकूर टपालात पडण्याआधी त्या वहीत उतरवून घ्यायच्या, मुलाच्या पत्रांतलाही. घरातली दुसरी नकलनवीस. शिवाय त्यांची स्वतःची पत्रं आहेत. त्यांत मुलाला वडिलांचा स्वभाव समजावणं आहे, वडील सांगणार नाहीत अशी दुखणी आहेत, आणि 'लोणी पाठव' हे शब्द लिहिण्याचं काम बऱ्याचदा त्यांच्यावरच पडलंय. या घरात राग आणि शांती यांची वाटणी नवऱ्याच्या नावात होती, पण शांतीचं खातं त्या सांभाळत होत्या.

आणि धाकटा, फू मिन. त्याला व्हायोलिन शिकायचं होतं, संगीतशाळेत जायचं होतं. वडिलांनी दोन कारणं दिली: दोघांना संगीत शिकवण्याची ऐपत नाही, आणि तुझा पिंड शिक्षकाचा आहे. पहिलं खरंच असेल. दुसरं, माझ्या मते, वरच्या मजल्यावरून दिलेला निकाल होता. त्यानं इंग्रजी घेतलं आणि बीजिंगमध्ये माध्यमिक शाळेत शिकवू लागला. दुसऱ्या आवृत्तीतली दुरुस्ती याच्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला.

१९६६ आणि नंतर

१२ ऑगस्ट १९६६चं इंग्रजी पत्र हे लंडनला गेलेलं शेवटचं. ३० ऑगस्टला माओच्या सांस्कृतिक क्रांतीतले तरुण रेड गार्ड च्यांगसू रोडवरच्या घरात शिरले. झडती, चौकशी, उभं करून अपमान, चार दिवस आणि तीन रात्री. एका नातलग बाईनं सांभाळायला दिलेल्या जुन्या पेटीत साम्यवाद्यांचा शत्रू च्यांग काय-शेक याचं चित्र लावलेला आरसा निघाला, तोच 'पुरावा'. ३ सप्टेंबरच्या पहाटेपर्यंत फू लेइ आणि चू मेइफू या दोघांनी आपलं आयुष्य संपवलं होतं.

मागे मेव्हण्याच्या नावे एक पत्र होतं, व्यवस्थित क्रमांक घालून. सप्टेंबरचं घरभाडं ५५.२९ युआन, पैसे सोबत ठेवले आहेत. घरकाम करणाऱ्या बाईला तात्पुरत्या खर्चासाठी ६०० युआनची ठेवपावती. तिला आमच्यामुळे त्रास होऊ नये. आमच्या दहनाचा खर्च ५३.३० युआन. लोकांच्या सांभाळायला दिलेल्या कुठल्या वस्तू झडतीत गेल्या आणि त्यांची भरपाई कशातून करायची, तेही. मुलांना उद्देशून त्यात काही नाही. मुलांना लिहायचं ते सगळं बारा वर्षं लिहून झालेलं होतं, बहुधा.

एप्रिल १९७९मध्ये शांघायमध्ये दोघांची रीतसर शोकसभा झाली आणि त्यांच्यावरचे आरोप मागे घेतले गेले. फू त्सोंग वीस वर्षांनी मायदेशी आला, त्या सभेला. १९८१मध्ये बीजिंगच्या सानल्येन प्रकाशनानं पत्रांचं पुस्तक काढलं आणि ते चीनमध्ये घरोघर गेलं. पत्रं गोळा करणं, लावणं, तारखा जुळवणं, मुद्रितं तपासणं हे काम धाकट्यानं केलं. शाळेत तास घ्यायचे, मुलांच्या वह्या तपासायच्या आणि उरलेल्या वेळात भावाला आलेली वडिलांची पत्रं. पहिल्या आवृत्तीवर तो थांबला नाही. आणखी पत्रं सापडत गेली, आईची घातली, सुनेला लिहिलेल्यांची भाषांतरं करवून घेतली, आणि दर आवृत्तीत पुस्तक वाढत गेलं.